डेले अली, ट्रान्स्फरच्या अफवा आणि आपण समर्थक

प्रश्न: उत्तररात्र

३१ जानेवारी २०२२ च्या रात्री मी जागा होतो. इंग्लंडमधील ट्रान्स्फर विंडो, म्हणजे फुटबॉल क्लबांनी खेळाडूंची देवघेव करण्याची मुदत, तेथील रात्री अकरा वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला, बंद होणार होती आणि आमचा खेळाडू डेले अली एव्हर्टन क्लबला जातो की नाही, एवढेच टॉटनहॅम क्लबचा समर्थक म्हणून मला जाणून घ्यायचे होते. तो गेला. ‘चला, एक ओझे उतरले,’ असे मी आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्या मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडमधील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळवला होता, त्याच्याविषयी मी हे लिहिले होते.

जुलै २०२३ मध्ये माजी फुटबॉलपटू गॅरी नेव्हिलने घेतलेली त्याची मुलाखत आली. झोपेच्या गोळ्यांचे व्यसन, त्यावरील उपचारांसाठी अमेरिकेत काढलेले सहा आठवडे आणि बालपणी वाट्याला आलेले लैंगिक शोषण, हे सारे तो सांगत होता. मी मुलाखत मध्येच थांबवून गटातला तो जुना संदेश शोधला. हसऱ्या चेहऱ्यांसकट तो तसाच होता.

अफवांचा आणि टिंगलीचा खेळाडूंवर खरोखर परिणाम होतो, की हा केवळ माझा अपराधगंड आहे? आणि या बातम्या वाचल्याशिवाय मला राहवणार नाही, हे मान्य करूनच विचारतो, वाचणाऱ्याने थांबावे तरी कुठे?

उत्तर: साइडलाइन

प्रथम एक गल्लत दूर करू. डेलेची जखम ट्रान्स्फरच्या चर्चेने झालेली नाही, ती फार जुनी आहे, आणि तिचे खापर आपल्या गटावर फोडून घेणे हा उलट्या दिशेचा अहंकार ठरेल. मात्र त्याच मुलाखतीत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तो उपचार घेऊन आल्याचा सुगावा वृत्तपत्रांना लागला होता आणि त्यांचे फोन सुरू झाले होते. आपली गोष्ट केव्हा सांगायची, हेही पूर्णपणे त्याच्या हातात राहिले नव्हते.

अफवा बहुतेक वेळा कोणाच्या तरी सोयीची असते. करार संपत आला की एजंट दुसऱ्या क्लबचे नाव पुढे सोडतो, विकायचे असेल तेव्हा क्लबही तेच करतो, आणि मध्ये अडकलेल्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी त्याच सहकाऱ्यांबरोबर सरावाला जावे लागते. ३१ जानेवारी २०१३ रोजी वेस्ट ब्रॉम क्लबचा पीटर ओडेमविंगी स्वतः गाडी चालवत क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर पोहोचला, कॅमेऱ्यांसमोर बोललाही, पण दोन्ही क्लबांचा व्यवहार ठरलेलाच नव्हता. त्याला परत जुन्या क्लबात जावे लागले. दर जानेवारीत ती चित्रफीत अजून फिरते.

उत्तर: पंधरावा खेळाडू

क्षमा असावी, परंतु आठवड्याला लाखभर पौंड घेणाऱ्यांविषयी इतके हळवे होण्याचे कारण मला दिसत नाही. टीका हा त्या पगाराचाच भाग आहे.

उत्तर: साइडलाइन

खेळावरील टीका अवश्य करावी. पण स्पॅनिश फुटबॉलपटू बोयान किर्किचचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २००८ मध्ये, सतराव्या वर्षी, स्पेनकडून पहिल्या सामन्याच्या वेळी त्याला चिंतेचा झटका आला. बाहेर मात्र पोट बिघडल्याचे सांगण्यात आले. उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेला गेला नाही, तेव्हा देशाला नकार देणारा मुलगा अशी त्याची प्रतिमा झाली. खरे कारण त्याने २०१८ मध्ये सविस्तर सांगितले. त्या दहा वर्षांत लोकांनी केली, ती टीका खेळावरची नव्हती.

उत्तर: शाहू स्टेडियमचा जुना गोली

पगाराचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो, कारण मला पगार नव्हता. कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून मी सहा हंगाम गोलरक्षण केले. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पेठेत एकच विषय असतो, यंदा कोण फुटला. एका वर्षी वडील दवाखान्यात असताना प्रतिस्पर्धी संघाच्या एका कार्यकर्त्याने मला मोटारसायकलवरून तेथे सोडले. संध्याकाळपर्यंत मी पैसे घेतल्याचे पेठेत ठरून गेले होते. मंडईत एका बाईने आईला विचारले, ‘पोरानं किती घेतलं गं?’

मी कुठेही गेलो नाही. पण पहिल्याच सामन्यात एक साधा चेंडू हातातून निसटला आणि आमच्याच बाजूच्या प्रेक्षकांतून ‘पाकीट! पाकीट!’ असा ओरडा सुरू झाला. त्यानंतर कॉर्नर आला की माझे तळवे हातमोज्यांच्या आत थंड पडत. आदल्या रात्री झोप लागत नसे, आणि हे सांगावे असे तालमीत कोणी होते, असे तेव्हा वाटलेच नाही. दोन हंगाम तसेच रेटले आणि खेळणे सोडले.

थांबावे कुठे, असे आपण विचारले आहे. त्या दिवसांत चहाच्या गाड्यावर माझ्याविषयी चर्चा रंगली असता आमच्या एका जुन्या बॅकने एवढेच विचारले होते, ‘तुला कुणी सांगितलं?’ ज्याला विचारले त्याने शेजारच्याकडे बोट दाखवले, शेजारच्याने आणखी कोणाकडे, आणि शेवटचा मनुष्य गाड्यावर नव्हताच. मला हे कळले, तोवर मी हातमोजे पुतण्याला देऊन टाकले होते.