लेखकाचं लहानपणीचं घर आणि सोबत मुलं: आपापले अनुभव सांगा

सुट्टीत मुलांना एखाद्या लेखकाचं लहानपणीचं घर दाखवायचं तर काय तयारी लागते? कुठे फसायला होतं? मुंबईहून कसं जमवायचं? 'छान आहे, जरूर जा' एवढ्यावर थांबू नका, नीट तपशिलात लिहा. (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं ठिकाण दिलं आहे.)

गिरगाव

मुंबईतल्या मुंबईत म्हणाल तर जे.जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला किपलिंग बंगला. सीएसएमटीहून चालत दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मोगलीच्या 'जंगल बुक'चा लेखक रड्यार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ ला या आवारात जन्मला. वडील लॉकवुड किपलिंग जे.जे.त शिल्पकला शिकवत. पाटी वाचून मुलांना वाटतं, हेच ते घर. ते घर पाडलं गेलं, आजचा बंगला त्या जागी नंतर बांधलेला आहे. हे आधीच सांगा, नाहीतर 'त्याची खोली कुठली?' याला उत्तर नसतं. चालू कॉलेज आहे, त्यामुळे आधी विचारून जा, आणि बंगला बाहेरूनच दिसणार असं धरून चला. पंधरा मिनिटांत पाहून होतो.

म्हणून खरा वेळ ठेवायचा तो समोरच्या क्रॉफर्ड मार्केटसाठी, म्हणजे महात्मा फुले मंडईसाठी. दर्शनी प्रवेशद्वारांवरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंगची. दाराखाली उभं राहून मान दुखते आणि दिसत काहीच नाही. पलीकडच्या फुटपाथवरून बघा, साधी दुर्बीण असेल तर उत्तम. मग आत फळांकडे. आयाबरोबर पहाटे फळबाजारात जायचो, सोनेरी-जांभळी फळं आपल्या खांद्याच्या उंचीवर असायची, ही किपलिंगने लिहिलेली अगदी पहिली आठवण. मोठ्यांनी गाळ्यापुढे उकिडवं बसून बघावं. उभ्याने फळांचा वरचा थर दिसतो. बसलं की संत्र्यांची अख्खी भिंत डोळ्यांसमोर येते, त्यामागे विक्रेत्याचे फक्त हात. मुलाला रोज तेच दिसतं. सकाळी लवकर जा, उशीर झाला की पाटीवाल्यांच्या वाटेत मुलं येतात.

'मोगली इथे राहायचा?' हा प्रश्न येणारच. नाही. मोगलीचं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, गोष्टी लिहिल्या अमेरिकेत, आणि किपलिंगने मुंबई सोडली तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

मुलुंड

साने गुरुजींचं घर दापोली तालुक्यात, पालगडला. मांडवी एक्सप्रेसने खेडला उतरून पुढे रस्त्याने. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या तारखा हां हां म्हणता भरतात. खेडनंतर वळणं आहेत. मुलांना भरपेट खायला घालून गाडीत बसवू नका, आवळासुपारी हाताशी ठेवा.

घर लहान आहे. 'श्यामची आई' न वाचता गेलात तर मुलं पाच मिनिटांत बाहेर. पुस्तकातल्या बेचाळीस रात्री (म्हणजे प्रकरणं) वाचून होत नसतील तर तीनच वाचा: 'मुकी फुले', 'पत्रावळ', 'थोर अश्रू'. जायच्या आधी घरी एक पत्रावळ लावून बघा. पळसाची पानं दादरच्या फूलबाजारात मिळतात. एक मोठं पान मध्ये, भोवती पाच-सहा, प्रत्येक पान शेजारच्यावर दोन बोटं चढवायचं आणि चोयीने (बांबूच्या बारीक काडीने) टाके घालायचे. पान फाटतं ते दोन कारणांनी: एक तर सुकलेलं असतं (अर्धा तास ओल्या फडक्यात गुंडाळा), नाहीतर टाका अगदी कडेला पडतो. टाका कडेपासून बोटभर आत हवा. चोय लांब राहिली तर जेवताना बोटाला टोचते, दोन्ही टोकं मोडून टाका. हे केलेलं मूल पालगडच्या घरात शिरल्यावर विचारतं, 'श्याम कुठे बसून पत्रावळी लावायचा?'

दादर

एक खबरदारी. नकाशात 'साने गुरुजी स्मारक' टाकलं की माणगावजवळचं वडघरचंही येतं. गोवा महामार्गाच्या बाजूचं म्हणून लोक तिथेच जातात. ते राष्ट्रीय स्मारक आहे, शिबिरं भरतात, जागा सुरेख आहे. पण गुरुजींचं घर नाही. शोधताना 'पालगड' हा शब्द टाकाच.

बोरिवली

गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर लागूनच मालगुंड आहे, केशवसुतांचं गाव. रत्नागिरी स्टेशनहून आरे-वारे मार्गे जाता येतं. उतरत्या छपराचं घर जपलेलं आहे आणि आवारात दगडांवर कविता कोरल्या आहेत. लहान मुलांना कोरीव अक्षरं भराभर वाचता येत नाहीत, म्हणून 'एक तुतारी द्या मज आणुनि' घरून पाठ करून न्या, निदान पहिलं कडवं. तिथे मोठ्याने म्हणायला लावा. बाकीच्यांना त्रास होणार नाही अशी मोकळी जागा आवारात आहे.

दुपारी दगड तापतात, मुलं अनवाणी असली तर टिकत नाहीत. आधी स्मारक, मग समुद्र. उलट केलंत तर ओल्या कपड्यांची, वाळूने भरलेली पोरं कवितेपाशी उभी राहत नाहीत.