दोन रविवारांत घरभर वायरिंग? जरा थांबा

तिसरी पिन:
परवा इथे एकांनी पोस्ट टाकली: पन्नास वर्षं जुन्या घराचं वायरिंग स्वतः बदललं, दोन रविवार लागले, ‘यात अवघड काहीच नाही’. खाली नुसती वाहवा. माझं डोकंच फिरलं.

नवी वायर ओढणं सोपंच असतं. आधीच्यांनी काय करून ठेवलंय हे ओळखणं, तिथे कस लागतो. जुन्या रबराच्या वायरीला हात लावला नाही तोवर ती बरी असते. जरा वाकवली की आवरणाच्या खपल्या पडतात. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड चढतं, स्क्रूखाली तार हळूहळू दबत जाते, जोड सैल होतो आणि तापतो. लोड वाढलेलाच नसतो, त्यामुळे जादा लोडवर पडणारी एमसीबी ढिम्म. यांच्या फोटोत जुनी अ‍ॅल्युमिनियमची तार नव्या तांब्याला चक्क पीळ मारून जोडलेली दिसते. विचारलं तर म्हणतात, ‘टेप लावलीय ना’.

दोन रविवार:
ती पोस्ट माझीच. आता ऐका. मागच्या वेळी पैसे मोजून बोलावलेल्या ‘अनुभवी’ माणसाने आमच्याकडे करंट आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रलवर बटण टाकलं होतं. बटण बंद, दिवा बंद, होल्डर जिवंत! आठ वर्षं आम्ही त्यातच बल्ब बदलत होतो. ते कोणी शोधलं? मी. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, प्लगला अडीचची, गीझरला चारची स्वतंत्र लाइन, वर करंट गळला की लाइन तोडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी. दर वेळी मेन पाडून, टेस्टर लावून मगच हात घातला. अजून काय करू, मुहूर्त काढू?

शून्य वॅट:
टेस्टर?? त्या दांडीतला निऑनचा दिवा तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर मिणमिणतो, उन्हात तर दिसतही नाही. पेटला नाही म्हणजे लाइन बंद, असं नसतं हो.

जुना खटका:
चाळीस वर्षं टेस्टरवर कामं केली. धडधाकट आहे.

शून्य वॅट:
काका, तुम्ही धडधाकट आहात म्हणून लिहिताय. बाकीचे लिहायला येत नाहीत. आणि न्यूट्रल तुटला की टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो, तेव्हा ‘दोन फेज आले’ म्हणणारे जाणते मी डोळ्यांनी पाहिलेत.

जुना खटका:
ते नवशिके. आम्ही टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघायचो, मग बंदवर, मग पुन्हा चालूवर. हे तुमच्या मल्टिमीटरवाल्या पोरांना कोणी शिकवलंय का?

शून्य वॅट:
नाही शिकवलं. हे मान्य, नाइलाजाने.
पण माझ्या मेहुण्याचं ऐका. बेडरूमची एमसीबी पाडली, टेस्टर पेटला नाही, न्यूट्रलचा जोड सोडवला आणि शिडीवरून खाली. हॉलच्या पंख्याचा न्यूट्रल कोणीतरी त्याच जोडात घुसवला होता. जोड होता तोवर सगळं शांत. सुटल्याबरोबर फिरत्या पंख्यातून आलेलं पूर्ण व्होल्टेज त्या मोकळ्या टोकावर. मनगट मोडलं, त्यावर भागलं.

दोन रविवार:
म्हणूनच मी मेन पाडतो, एकटी एमसीबी नाही. वाचत जा.

तिसरी पिन:
घरात इन्व्हर्टर आहे?

दोन रविवार:
आहे. का?

तिसरी पिन:
मेन पाडला की त्याला वाटतं लाइट गेले, आणि तो इमानदारीत चालू होतो.

दोन रविवार:
…त्याची बॅटरी दोन महिन्यांपासून मेलेली आहे.

शून्य वॅट:
त्या बॅटरीला हार घाला.

दोन रविवार:
घ्या हसून. पण आरसीसीबी आहेच की.

तिसरी पिन:
ती जमिनीकडे गळणारा करंट पकडते. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब. सैल जोडही तिला कळत नाही. वायरी घातल्यावर मेगर, म्हणजे वायरीचं आवरण तपासायचं मीटर, मारलात का?

दोन रविवार:
नाही. ठीक आहे, आणतो भाड्याने. पाचशे व्होल्टवर एक मेगाओमच्या वर आलं तर इथे जाहीर माफी मागायची.

तिसरी पिन:
मागीन. त्या पिळाच्या जोडाची मात्र नाही, तो मेगरला दिसत नाही, तुम्हालाच उघडावा लागेल. आणि मेगर मारायच्या आधी एलईडी, टीव्ही, सगळं सोडवून ठेवा, नाहीतर त्याचंही बिल माझ्याच नावावर फाडाल.