इंग्रजी वाक्य लिहिताना आधी काळ पक्के करावेत की वाक्यरचना?

देवगडचा बागायतदार

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत. अलीकडे आम्ही सगळा माल वाशीला न पाठवता बंगळूर आणि हैदराबाद येथील ग्राहकांना थेट पेट्या पाठवू लागलो आहोत, आणि त्यांच्याशी सर्व व्यवहार इंग्रजीतून लिहून करावा लागतो. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, इंग्रजी पाचवीपासून होते. शब्द बऱ्यापैकी येतात, बारा काळांचा तक्ताही पाठ आहे, तरीही वाक्य मात्र नीट उभे राहत नाही. गेल्या आठवड्यात लिहिलेली ही तीन वाक्ये पाहावीत :

‘यस्टरडे सेंट टू बॉक्सेस.’
‘हाउ मेनी बॉक्सेस यू वॉन्ट?’
‘हिअर मच रेन इज फॉलिंग, सो टुमॉरो बॉक्स नॉट सेंड.’

ग्राहकाला अर्थ कळतो, पण ही इंग्रजी नव्हे हे मलाही जाणवते. व्याकरणाचे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे, की आधी एखादीच गोष्ट पक्की करावी?

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

काळांचा तक्ता तूर्त बाजूला ठेवावा. आपली अडचण काळाची नसून जागेची आहे.

मराठीत कोणी कोणाला काय केले हे विभक्तीचे प्रत्यय सांगतात. ‘बिबट्याने कुत्र्याला पकडले’ हे वाक्य ‘कुत्र्याला बिबट्याने पकडले’ असे फिरवले तरी भर बदलतो, पकडणारा बदलत नाही. इंग्रजी नामांनाही एके काळी असे प्रत्यय होते. सुमारे ११०० नंतरच्या काही शतकांत ते बहुतेक झिजून गेले आणि आता ‘ही’ व ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत त्यांची खूण उरली आहे. प्रत्यय गेले तेव्हा त्यांचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. त्यामुळे ‘द लेपर्ड कॉट द डॉग’ यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर कुत्र्यानेच बिबट्याला धरले असा अर्थ होतो.

म्हणून साध्या विधानात कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम मोडू नये. स्थळ आणि वेळ सहसा त्यानंतर येतात. वेळ मात्र आरंभीही चालते. ‘आम्ही सोमवारी तुमच्या पत्त्यावर दोन पेट्या पाठवू’ याचे इंग्रजी ‘वी विल सेंड टू बॉक्सेस टू युवर अ‍ॅड्रेस ऑन मंडे’ असे होते. कर्ता सोडून बाकीचे मराठी वाक्य शेवटाकडून वाचत यावे : पाठवू, दोन पेट्या, पत्त्यावर, सोमवारी. इंग्रजी वाक्य त्याच क्रमाने चालते. शिवाय मराठीत नामामागे चिकटणारे ‘वर’ किंवा ‘ला’ इंग्रजीत ‘टू’, ‘ऑन’ होऊन नामाच्या आधी उभे राहते. हा नियम सर्वत्र लागू पडणार नाही, पण व्यवहाराची बरीचशी वाक्ये त्याने सुटतात.

२००० सालापासून आपल्या राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले, तरी हा फरक मुलांना समोर मांडून क्वचितच दाखवला जातो, असे माझे मत आहे.

तारकर्लीची गृहिणी

सरांचे म्हणणे पटते. त्यात एक भर घालते. आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी रोज इंग्रजीत संदेश लिहिते. मराठीत ‘येतो’, ‘येते’, ‘येऊ’ एवढ्यावर बोलणारा कोण ते कळते, म्हणून आपण कर्ता खुशाल गाळतो. इंग्रजी ‘सेंट’ या रूपावरून पाठवणारा मी, तुम्ही की ते, हे कळण्याचा मार्गच नाही. दादा, तुमचे पहिले वाक्य तिथेच अडले आहे.

कर्ता खरोखर नसला तरी इंग्रजीला तिथे काहीतरी लागतेच. ‘पाऊस पडतोय’ यासाठी ‘इट इज रेनिंग’ म्हणतात. त्यातील ‘इट’ कशाचाही निर्देश करत नाही, केवळ जागा भरतो. तसेच ‘आज बोट नाही’ याला ‘देअर इज नो बोट टुडे’.

‘मला’ आणि ‘तुम्हाला’ यांनी सुरू होणाऱ्या वाक्यांत विशेष जपावे. ‘तुम्हाला किती पेट्या हव्या आहेत?’ यात आपले क्रियापद पेट्यांच्या मागे जाते. इंग्रजीत मात्र ‘यू’ हाच कर्ता.

हर्णैचा वाचक

थोडा मतभेद नोंदवतो. विधानापुरता क्रम पुरेसा आहे, पण प्रश्न आणि नकार आले की तो अपुरा पडतो. आपण वाक्याला शेवटी ‘का’ किंवा ‘नाही’ जोडतो आणि मोकळे होतो. इंग्रजीला तिथे साहाय्यक क्रियापद लागते. ‘इज’, ‘विल’, ‘कॅन’ यांपैकी एखादे वाक्यात असेल तर प्रश्नात तेच कर्त्याच्या आधी जाते आणि नकारात त्याच्यानंतर ‘नॉट’ येते. नसेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणावे लागते, आणि काळाचा भार त्याने उचलल्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते : ‘डिड यू रिसीव्ह द बॉक्स?’ येथे ‘रिसीव्ह्ड’ लिहिणे ही फार आढळणारी चूक आहे.

काळही पूर्ण सोडता येणार नाहीत. बारांपैकी चार-पाचांवर आपला व्यवहार भागेल, परंतु एक ठिकाण फसवे आहे. ‘काल पेटी पाठवली आहे’ हे मराठीत निर्दोष आहे; ‘आय हॅव सेंट द बॉक्स यस्टरडे’ हे इंग्रजीत नाही. संपून गेलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गाळून नुसते ‘सेंट’ लिहावे. वेळ सांगितली नसेल, तर ‘आय हॅव सेंट द बॉक्स’ योग्य ठरते.

देवगडचा बागायतदार

सर्वांचा आभारी आहे. वाक्ये पुन्हा लिहिली आहेत :

‘वी सेंट टू बॉक्सेस यस्टरडे.’
‘हाउ मेनी बॉक्सेस डू यू वॉन्ट?’
‘इट इज रेनिंग हेविली हिअर, सो वी विल नॉट सेंड बॉक्स टुमॉरो.’

आता बरोबर आहेत का?

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

पहिली दोन निर्दोष आहेत. तिसऱ्यात ‘बॉक्स’ उघडा पडला आहे. मोजता येणारे एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटे राहत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘युवर’ असे काहीतरी हवे. ग्राहकाने आधीच मागवलेली, दोघांनाही ठाऊक असलेली पेटी असल्यामुळे येथे ‘द बॉक्स’ किंवा ‘युवर बॉक्स’ लिहावे. कोणतीही एक असती, तर ‘अ बॉक्स’. सर्वसामान्य विधानात अनेकवचनाला यांपैकी काहीच नको, म्हणून ‘वी ग्रो मँगोज’, पण याच हंगामातील ठरलेल्या आंब्यांबद्दल ‘द मँगोज आर रेडी’. पुढचे वाक्य ग्राहकाला धाडण्याआधी येथे टाकलेत तरी चालेल.