मदत हवी आहे: धुक्यात अप्पर आणि चारही इंडिकेटर लावणाऱ्या चालकाला कसे पटवावे?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार. प्रश्न तातडीचा आहे, म्हणून थेट मांडतो. आम्ही काही सहकारी मिळून केलेल्या भाड्याच्या गाडीने रोज पहाटे कामावर जातो. धुके दिसू लागले की आमचा चालक अप्पर (दूरवर जाणारा वरचा झोत) लावतो, त्यासोबत चारही इंडिकेटर सुरू करतो आणि ठिकाणावर पोहोचेपर्यंत बंद करत नाही. आम्हाला पुढे पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही आणि आम्ही वळणार आहोत की थांबणार, हे मागच्याला कळत नाही. समोरून येणारे बहुतेक जण हेच करतात.

गेल्या आठवड्यात एक ट्रक बंद पडून रस्त्यातच उभा होता आणि त्याने चारही इंडिकेटर लावले होते, जे योग्यच होते. मात्र त्याच्याआधी भेटलेल्या सगळ्या चालत्या गाड्यांचे इंडिकेटरही तसेच लुकलुकत असल्यामुळे आमच्या चालकाने तो ट्रकही चालता धरला आणि अगदी शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे काढली. त्या वेळी समोरून कोणी आले नाही, एवढ्यावरच आम्ही वाचलो.

मी बोललो तर चालक म्हणतो, "साहब, सब यही करते हैं." बाकीचे प्रवासी त्याचीच बाजू घेतात, कारण लुकलुकणारे दिवे पाहून त्यांना सुरक्षित वाटते. त्याला पटेल असे कारण आणि असल्यास लेखी नियम मला सोमवारच्या आत हवा आहे. "सावकाश जा" एवढाच सल्ला कृपया देऊ नये.

मोरारकर (ग्वाल्हेर)

आपण रस्ता कोणता, गाडी कोणती, पुढच्या बंपरमध्ये धुक्याचे दिवे आहेत की नाहीत आणि चालक स्वतःच गाडीचा मालक आहे की पगारी, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. मुरैना-धौलपूरकडे जाणाऱ्या दुभाजक असलेल्या महामार्गावर अप्परचा त्रास मुख्यतः स्वतःला होतो, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजपंचे ठरेल.

राजवाडा (इंदूर)

याचा खरा उपाय पिवळा दिवा हा आहे. इंदूरहून खंडव्याकडे जाताना भेरूघाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा मी दिव्यांवर पिवळी फिल्म लावून वर्षानुवर्षे गाडी चालवली आहे. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, कारण त्याची तरंगलांबी जास्त असते. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत गाड्यांना पिवळेच दिवे सक्तीचे होते. चालकाला फिल्म आणून द्या, वाद मिटेल.

भौतिकी (पुणे)

फ्रान्सची माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. तरंगलांबीचा हा युक्तिवाद आकाश निळे का दिसते याला लागू पडतो, कारण तिथे प्रकाश विखुरणारे हवेचे रेणू तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत असतात आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर असते. थेंब इतके मोठे असले की पिवळा आणि निळा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतो. पिवळ्या दिव्यात निळा अंश नसल्यामुळे डोळ्यांना थोडे सुसह्य वाटते, हे मान्य आहे. पण त्याने धुके भेदले जात नाही.

धुक्यात रंगापेक्षा दिव्याची उंची आणि झोताचा कोन महत्त्वाचा ठरतो. अप्परचा झोत चालकाच्या नजरेच्या रेषेतच दूरवर जातो, वाटेतल्या लाखो थेंबांवरून परततो आणि तो परतलेला प्रकाशच आपल्याला भिंतीसारखा दिसतो. डिपरचा झोत खाली वळलेला असल्यामुळे परतणारा प्रकाश बराच कमी होतो. धुक्याचे दिवे बंपरमध्ये खाली बसवलेले असतात, त्यांचा झोत रुंद आणि वरच्या बाजूने कापलेला असतो, त्यामुळे रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दिसते. ते डिपरसोबत लावायचे असतात, अप्परसोबत नव्हे.

राजवाडा (इंदूर)

पुस्तकात काहीही लिहिलेले असो, मला पिवळ्या दिव्यात जास्त दिसते हा माझा अनुभव आहे आणि तो मी सोडणार नाही.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

मी दिव्याच्या रंगाबद्दल विचारलेले नाही, तरी वरचे स्पष्टीकरण उपयोगी आहे. राहिलेली माहिती देतो. रस्ता भिंडचा आहे. गोले का मंदिर, महाराजपुरा आणि पुढे मालनपूर. शहर मागे पडले की दुभाजक नाही. दोन्ही बाजूंना पाणी दिलेली गव्हाची आणि मोहरीची शेते असल्यामुळे वारा पडलेल्या पहाटे धुके तिथे फार दाट असते आणि मोकळ्या पट्ट्यातून गाडी एकाएकी त्यात शिरते. गाडी जुनी बोलेरो आहे. बंपरमध्ये खाली दोन दिवे आहेत, पण ते लावलेले मी पाहिलेले नाहीत. चालक पगारी आहे. मालकाने मूळचे हॅलोजन बल्ब काढून बाजारातले पांढरेशुभ्र एलईडी बसवले आहेत. मागच्या आडव्या बाकांवरही माणसे बसतात.

जुना वाहतूकदार (मुरैना)

माझे ट्रक धौलपूर-आग्रा मार्गावर अनेक वर्षे चालले आहेत, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. अप्परबद्दल आपण सगळे म्हणता ते योग्य आहे. इंडिकेटरबद्दल मात्र चालकाला एकदम मूर्ख ठरवू नका. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे मागचे लाल दिवे धुळीने माखलेले असतात, कित्येकांचा एक तरी बल्ब गेलेला असतो, आणि मोहरी किंवा बटाटे भरून निघालेल्या ट्रॉलीला तर दिवाच नसतो. अशा रस्त्यावर लुकलुकणारा दिवा स्थिर दिव्यापेक्षा आधी नजरेत भरतो. माझ्या चालकांनी तो लावला आणि ते सुखरूप घरी आले.

मोरारकर (ग्वाल्हेर)

काका, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवूनच असहमती नोंदवतो. लुकलुकणारा दिवा आधी दिसतो, पण तो पाहणाऱ्याला काय सांगतो, हा खरा प्रश्न आहे. चारही इंडिकेटर लागले की इंडिकेटरची दांडी डावीकडे ओढा किंवा उजवीकडे, बाहेरच्याला फरक दिसत नाही, कारण तेच बल्ब दोन्ही कामांसाठी असतात. मालनपूरला कारखान्याच्या फाटकाकडे वळणारी गाडी आणि सरळ भिंडला जाणारी गाडी मागून अगदी सारखी दिसते. शिवाय लाल ब्रेक दिव्याच्या शेजारी सतत उघडझाप चालू असली की ब्रेक लागल्याचे क्षणभर उशिरा ध्यानात येते. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. चालकाला उमजून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात 17 मीटर संपतात आणि गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी नऊ-दहा मीटर लागतात. दृष्टिपथ 30 मीटरचा असेल, तर एका क्षणाचा संभ्रमही परवडत नाही.

लेखी नियम विचारला होता, तो असा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 102 सांगतो की वाहन अचल झालेल्या अवस्थेत सर्व इंडिकेटर एकत्र लुकलुकून इतरांना धोक्याची सूचना देतील अशी सोय वाहनात असावी. म्हणजे ही सोय बंद पडलेल्या वाहनासाठी आहे. धाग्याच्या सुरुवातीला ज्या ट्रकचा उल्लेख आहे, त्याचा हक्काचा इशारा बाकीच्यांनी वापरून निकामी केला.

जुना वाहतूकदार (मुरैना)

पुढे अचानक गाड्या थांबलेल्या दिसल्या आणि मागून भरधाव ट्रक येत असला, तरीही लावायचे नाहीत का?

मोरारकर (ग्वाल्हेर)

तेव्हा जरूर लावावेत. मागच्या गाड्या सावध होऊन सावकाश झालेल्या दिसल्या की लगेच बंद करावेत. माझा आक्षेप घरापासून फाटकापर्यंत ते चालू ठेवण्याला आहे.

निवृत्त लोको पायलट (झाशी)

ग्वाल्हेर-भिंड-इटावा रेल्वेमार्ग असताना आपण रस्त्याने जाताच कशाला? रेल्वेत धुक्याची शिस्त पक्की असते. दाट धुक्यात सिग्नलच्या अलीकडे रुळावर चाकाखाली वाजणारे फटाके ठेवतात आणि असा फटाका वाजला की पुढे सिग्नल आहे, असा ठरलेला अर्थ त्यातून निघतो. आता इंजिनात उपग्रहाच्या आधाराने पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारे फॉग पास नावाचे उपकरणही असते.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

पाळीच्या वेळेला गाडी जुळत नाही, नाहीतर रेल्वेनेच गेलो असतो. पण इशाऱ्याचा अर्थ ठरलेला असावा, हे चालकाला सांगण्याजोगे आहे. आता एलईडी आणि मागच्या बाकांचा काही संबंध आहे का, एवढे कोणी सांगेल का?

मांडवी (वडोदरा)

संबंध थेट आहे. मी वाहनांच्या विजेच्या दुरुस्तीचे काम करतो आणि मला या धाग्यात तोच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. हॅलोजन दिव्याचा आरसा बल्बमधली तार नेमकी कुठे आहे, हे धरून घडवलेला असतो. तिथे बाजारातला एलईडी बसवला की प्रकाश निघण्याची जागा आणि दिशा बदलते, झोताची वरची कड विस्कटते आणि डिपर लावूनही बराच प्रकाश वर जातो. मग डिपर आणि अप्पर यांत चालकाला फारसा फरक जाणवत नाही आणि तो अप्परच बरा म्हणतो. आपला चालक हट्टी नसून त्याला मिळालेला डिपरच सदोष असण्याची शक्यता मला मोठी वाटते. त्यात मागच्या बाकांवर वजन आले की गाडीचा मागचा भाग दबतो, नाक उचलले जाते आणि झोत आणखी वर चढतो. डॅशबोर्डवर 0 पासून 3 पर्यंत आकडे असलेले चाक असेल, तर माणसे बसल्यावर ते फिरवून झोत खाली आणता येतो. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा दिवा खाली वळलेला असावा, हे नियम 106 मध्ये आहे. तो नियम चालकाइतकाच मालकालाही दाखवा.

आणखी एक तपासा. गाडी सुरू करून मागे जा आणि दोन्ही लाल दिवे, दोन्ही ब्रेक दिवे लागतात का, काच स्वच्छ आहे का, हे पाहा. मागचा दिवा नीट दिसत असेल, तर इंडिकेटर लावण्याचे चालकाचे कारणच उरत नाही. ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनीही हे पाहावे, कारण दिवसा आपोआप लागणारे पुढचे बारीक दिवे बहुतेक गाड्यांत मागचे लाल दिवे लावत नाहीत. सकाळच्या पांढऱ्या धुक्यात उजेड पुरेसा असल्यामुळे दिव्यांचा स्वयंचलित सेन्सरही फसतो. बटण हातानेच फिरवावे लागते.

राजवाडा (इंदूर)

दिव्यांचे जे व्हायचे ते होवो, चालकाला डावीकडची पांढरी पट्टी धरून चालायला सांगा.

जुना वाहतूकदार (मुरैना)

भिंडच्या रस्त्यावर हे सांगू नका. साइडपट्टीला लागून सायकली, पायी माणसे आणि दिवा नसलेल्या ट्रॉली असतात. पट्टी नजरेत ठेवावी, पण गाडी तिच्यापासून हातभर आत चालवावी.

आणि मुख्य प्रश्नाबद्दल शेवटचे. चालकाला शब्दांनी पटत नाही, हे मी माझ्या माणसांवरून जाणतो. कारखान्याच्या आवारात धुके असताना गाडी उभी करा, तुमच्यातल्या कोणाला आत बसवा आणि चालकाला पन्नास पावले समोर नेऊन गाडीकडे बघायला लावा. आधी अप्पर, मग डिपर. नंतर त्याला मागच्या बाजूला नेऊन चारही इंडिकेटर लावा आणि आतल्या माणसाला दांडी फिरवायला सांगा. गाडी कोणत्या बाजूला वळते आहे, हे चालकाने ओळखायचे. इंडिकेटरबद्दलचे माझे मत मोरारकरांपेक्षा वेगळे होते, पण वळण ओळखता येत नाही हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि चालकालाही तो डोळ्यांनीच दिसेल.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

हे सोमवारीच करतो. आवारातच करू, म्हणजे वाहतुकीला अडथळा होणार नाही. मालकाला आज फोन केला होता. खालचे दोन दिवे दुरुस्त करायला तो तयार आहे, पण एलईडी काढून परत जुने बल्ब लावण्याचा खर्च करणार नाही म्हणतो.

मांडवी (वडोदरा)

60/55 वॅटची हॅलोजन जोडी काही शे रुपयांत मिळते. सहा-सात जणांनी वाटून घेतली तर मालकाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याहून जास्त वॅटचे घेऊ नका, त्याने वायर आणि होल्डर तापतात. बसवल्यावर सगळ्यांनी आपापल्या जागी बसून गाडी सपाट जमिनीवर भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावा. भिंतीवरची प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडली पाहिजे. तशी नसेल, तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत उतरवून घ्या.

मोरारकर (ग्वाल्हेर)

मी थाटीपूरजवळच राहतो. भिंतीसमोरची तपासणी रविवारी संध्याकाळी करणार असाल, तर मोजपट्टी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. फक्त चालकालाही बोलवा, त्याच्या गैरहजेरीत काही बदलू नका.