छंदाच्या ग्रुपवर "बावळट", "येडा" चालू द्यावं का? नियम नेमका कसा लिहायचा?

तिरकी_चौकट

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीच्या एका डिस्कॉर्ड ग्रुपची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे. सध्याचा नियम एका ओळीचा: "शिवीगाळ चालणार नाही." आईबहिणीवरच्या शिव्यांबद्दल वाद नाही, त्या तिथल्या तिथे उडतात. घोडं अडतंय खालच्या पायरीवर. बावळट, ढ, येडा, दीडशहाणा, "अक्कल गहाण टाकलीस का", "डोळे आहेत की बटणं" वगैरे. जुनी मंडळी एकमेकांना हे सर्रास म्हणतात, कुणी मनावर घेत नाही. तेच नव्या माणसाला ऐकवलं की तो एकतर भांडतो, नाहीतर गुपचूप निघून जातो.

सरसकट बंदी, सरसकट सूट, की "ओळखीत चालेल, नव्यांना नाही"? तिसरा पर्याय ऐकायला बरा आहे, पण ओळख मोजायची कशी? मॉडरेटर चार, त्यातले रोज फिरकणारे दोन. शब्दांची यादी करून ऑटोमॉडच्या (मेसेज आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) गळ्यात घालावी का? आणि नियम मोडला तर पुढे काय करायचं? तात्त्विक चर्चा नको, राबवता येईल असं सांगा.

अर्धविराम

शब्द मोजत बसू नका, रोख कुणावर आहे ते बघा.

"च्यायला, परत बॅटरी गेली" हा राग वस्तूवर. "मी पण येडाच, लेन्सकॅप लावून दहा फोटो काढले" हा स्वतःवर. ही दोन्ही सोडून द्या, यांच्यावर नियम करणं म्हणजे रिकामटेकडेपणा. "तू बावळट आहेस" हे माणसावर, ते चालणार नाही, शब्द कितीही मऊ असला तरी. खरी गंमत कामावरच्या टीकेत आहे, कारण फोटोचं परीक्षण करणारा ग्रुप त्यासाठीच असतो. तिथे एवढीच अट घाला: कामाला नावं ठेवायची असतील तर त्याच मेसेजमध्ये कारण आणि उपाय दोन्ही हवेत.

उदाहरण घ्या. उडत्या पक्ष्याचा हललेला फोटो आलाय, शटर १/६० सेकंदावर. पहिलं उत्तर: "हे पाखरू आहे की भूत? १/६० ला कोण उडता पक्षी टिपतं, डोकं वापर जरा." दुसरं उत्तर: "हा फोटो फसलाय. १/६० ला पंख गोठत नाहीत. १/२००० पासून सुरुवात कर, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेव. नॉईज नंतर कमी करता येतो, हललेले पंख जागेवर आणता येत नाहीत." दुसरं उत्तर काही गोड नाही, "फसलाय" असं तोंडावर म्हटलंय. पण त्यात घेण्यासारखं आहे. पहिल्यातून "डोकं वापर" काढलं तर काय उरतं? १/६० चुकलं एवढंच. किती ठेवायचं ते नाहीच.

काठावरच्या वाक्यांना व्याकरणाची चाचणी लावा. "तू" किंवा "तुम्ही"नंतर विशेषण आलं की अडवा, क्रियापद आलं की जाऊ द्या. "तू शटर फार हळू ठेवलंस" चालेल. "तू निष्काळजी आहेस" नाही. दहातली आठ प्रकरणं यातच निकालात निघतात.

कोरा_निगेटिव्ह

अर्धविराम यांची चाचणी छान आहे, पण माझं मत सरसकट बंदीच्या बाजूने. कारण लिहिलेल्या मजकुरात सूर पोचत नाही, आणि लिहिणाऱ्याला तो पोचला असंच वाटत राहतं. क्रुगर, एप्ली आणि सहकाऱ्यांचा २००५ चा ईमेलवरचा प्रयोग बघा. आपलं वाक्य गंमतीत आहे की गंभीरपणे, हे समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ईमेलवर ते ५६ टक्के वेळा कळलं, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडंच बरं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा ७३ टक्के.

मराठीत तर "येड्या" हा शब्द लाडाचाही आहे आणि रागाचाही. बोलताना फरक कळतो, स्क्रीनवर दोन्ही येड्ये सारखेच.

दुसरं म्हणजे ओळखीतली थट्टा त्या दोघांपुरती राहत नाही. ती बघून तिसरा माणूस इथली भाषा शिकतो. चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ६६७ जणांवर प्रयोग केला होता. लोकांना आधी सोप्या किंवा अवघड चाचणीने बऱ्या-वाईट मूडमध्ये आणलं, मग चर्चेत भाग घ्यायला लावलं. चर्चेच्या सुरुवातीच्या कमेंट काहींना साध्या दाखवल्या, काहींना खोडसाळ. मूड बरा आणि आधीच्या कमेंट साध्या, तेव्हा खोडसाळ लिहिणारे ३५ टक्के. मूड खराब आणि आधीच्या कमेंटही वाकड्या, तेव्हा ६८ टक्के. माणसं तशीच, वातावरण वेगळं. तेव्हा जुन्यांना सूट आणि नव्यांना शिस्त हे चालणार नाही, सुरुवातीची कमेंट जुन्यांचीच असते.

आणि रोज येणारे मॉडरेटर दोनच असतील तर नियम एका वाक्याचा हवा. "रोख बघा" म्हटलं की प्रत्येक वेळी चर्चा आली.

उलटी_मात्रा

ऑटोमॉडबद्दल. "ढ" यादीत टाकणार असाल तर आधी हे वाचा.

नुसतं "मजकुरात कुठेही ढ" असं ठेवलंत तर ढग, गाढ, चढ, वाढ सगळं अडकेल. मग लोक शब्दसीमा (शब्द सुटा असेल तरच पकडायची अट) लावतात आणि वाटतं झालं काम. पायथॉनमध्ये लिहिलेल्या बॉटमध्ये, त्याचं नेहमीचं रेजेक्स (मजकुरात शब्द शोधायची पद्धत) वापरलं तर, काना, मात्रा आणि वेलांट्या अक्षरात मोजल्याच जात नाहीत. यातलं काही आलं की त्याला वाटतं शब्द संपला. परिणाम असा की "एक्सपोजर वाढवा" बिनबोभाट जातं आणि "एक्सपोजर वाढेल" अडकतं, कारण दुसऱ्यात ढच्या एका अंगाला काना आणि दुसऱ्याला मात्रा आहे. ढग सुटतो, ढीग पकडला जातो. हे बाहेरून बघणाऱ्याला कधीच उमगत नाही. आपला मेसेज मॉडरेटरने मुद्दाम उडवला असंच तो धरून चालतो.

जावास्क्रिप्टच्या बॉटची तऱ्हा उलटी. तिथली शब्दसीमा फक्त रोमन अक्षरं ओळखते, त्यामुळे देवनागरी शब्द सुटा लिहिला तरी सापडतच नाही. डिस्कॉर्डच्या स्वतःच्या ऑटोमॉडमध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या धाटणीचं रेजेक्स आहे, तिथे मात्रा शब्दाचाच भाग धरतात, म्हणून हा घोळ होत नाही. स्वतःचा बॉट असेल तर पायथॉनमध्ये वेगळं मिळणारं "रेजेक्स" नावाचं मॉड्यूल वापरा, किंवा शब्दसीमा सोडून शब्दाच्या दोन्ही बाजूंना जागा, विरामचिन्ह किंवा ओळीची सुरुवात-शेवट अशी अट स्वतः लिहा.

इतकं करूनही अर्थाचा प्रश्न उरतोच. "काय नग आहे" हा टोमणा, "फिल्टरचे दोन नग" ही खरेदी. "वेडा" अडवायला "वेड" हे मूळ टाकलंत तर "फोटोग्राफीचं वेड" उडेल, आणि छंदाच्या ग्रुपवर याहून गोड शब्द नसावा! पूर्ण शब्द टाकलेत तर येड्या, येडपट, येडचाप अशी रूपं वेगळी भरावी लागतात. मूर्ख आणि मुर्ख दोन्ही लागतात. रोमन लिपीतल्या स्पेलिंगांना तर अंतच नाही.

माझा सल्ला: सौम्य शब्दांसाठी ऑटोमॉडचं "मेसेज अडवा" बंद ठेवा, फक्त "मॉडरेटरच्या चॅनलवर सूचना पाठवा" चालू ठेवा. निर्णय माणसाचा. अडवणं फक्त त्या शब्दांसाठी ज्यांना दुसरा अर्थच नाही.

तिरकी_चौकट

मात्रांचं हे माहीतच नव्हतं, आमचा बॉट पायथॉनचाच आहे. आभार.

दोन शंका. एक, काही जुने सदस्य म्हणतात की फटकारल्याशिवाय दर्जा राहत नाही, सगळे "वा वा, सुंदर" करत बसतात. दोन, एकही वाईट शब्द न वापरता केलेला अपमान. "कॅमेरा महागाचा दिसतोय, सोबत डोळे नाही मिळाले का?" यात यादीतलं काहीच नाही, आणि "तू"नंतर विशेषणही नाही.

दुसरा_पडदा

दर्जाचा मुद्दा आधी. लिनक्स ही संगणकप्रणाली मुळात छंदच, १९९१ च्या घोषणेत तिच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, तसं लिहिलं होतं. त्याच्या कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) मेलिंग लिस्टवरचं फटकारणं जगप्रसिद्ध आहे, आणि तिथेही हाच युक्तिवाद वर्षानुवर्षं चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये स्वतः टोरवाल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे रजा घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. पॅच (लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल) नाकारणं त्यानंतरही चालूच आहे. नाकारणं आणि अपमान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. "वा वा"चा इलाज वेगळा आहे: परीक्षणाच्या चॅनलवर निव्वळ कौतुकाला इमोजी वापरा असं सांगा, लिहायचं असेल तर एक तरी सुधारणा लिहा.

आता टोमणे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे, "बावळट" नव्हे. शिवी निदान समोरून येते. "हे इथे शंभरदा विचारलंय", "आधी मॅन्युअल वाचतात, मग प्रश्न विचारतात", "असो, चालू द्या" ही वाक्यं नियमात कुठेच बसत नाहीत, आणि नवा माणूस यांच्यानेच गप्प होतो. यावर शब्दांचा नियम करता येत नाही, पण एक उपाय आहे: उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. "शंभरदा विचारलंय" म्हणायचं असेल तर आधीच्या चर्चेची लिंक त्याच मेसेजमध्ये द्यायची. लिंक असेल तर तो मेसेज मदतीचा, नसेल तर नुसता शेरा, आणि शेरा काढता येतो. कॅमेऱ्या-डोळ्यांच्या वाक्याला हीच फूटपट्टी लावा. फोटोबद्दल त्यात एक अक्षर नाही.

कारवाई. डिस्कॉर्डवर दुसऱ्याचा मेसेज मॉडरेटरला एडिट करता येत नाही, फक्त डिलीट करता येतो. डिलीट केलं की त्यातली कामाची माहितीही जाते. म्हणून मेसेजमध्ये तांत्रिक ऐवज असेल तर आधी लिहिणाऱ्याला खाजगीत सांगा: "शटरबद्दलचं उत्तर अचूक आहे, ते राहू द्या. 'डोकं वापर' एवढं काढाल का?" बहुतेक जण काढतात. नुसता टोमणा असेल तर मजकूर कॉपी करून नोंदीच्या चॅनलवर टाका, मग डिलीट करा, आणि का केलं ते त्याला एका ओळीत कळवा. कारण न सांगता उडवलेला मेसेज दुसऱ्या दिवशी "सेन्सॉरशिप" या मथळ्याने परत येतो.

दुसऱ्यांदा झालं तर एका तासाचा टाइमआउट, तिसऱ्यांदा एक दिवस, मग आठवडा. टाइमआउटमध्ये माणूस वाचू शकतो, लिहू शकत नाही, आणि राग निवायला हेच लागतं. डिस्कॉर्डवर त्याची कमाल मर्यादा २८ दिवस आहे, तिथवर जायची वेळ आली तर प्रश्न सौम्य अपमानाचा राहिलेला नसतो. तीन महिने काही झालं नाही की पाटी कोरी करा. दोघे एकमेकांवर चढलेच तर कुणालाही न काढता त्या चॅनलला एक मिनिटाचा स्लोमोड (एकाच्या दोन मेसेजांमध्ये सक्तीचं अंतर) लावा, निम्मी हवा त्यानेच जाते. ज्या मॉडरेटरशी वाद चालू आहे त्याने स्वतः निर्णय द्यायचा नाही. तुमच्याकडे दोघेच असतात, तेव्हा हे आधीच लिहून ठेवा.

आणि नियम कोपऱ्यातल्या चॅनलमध्ये पुरू नका. रेडिटच्या विज्ञान विभागावर नेथन मटायसने प्रयोग केला होता, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चर्चेच्या माथ्यावर नियम चिकटवले तर नव्या लोकांनी नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्के बिंदूंहून जास्त वाढलं, आणि नव्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दिसले की लोक बुजतील ही भीती तिथे तरी खोटी ठरली.

कोरा_निगेटिव्ह

लिंकची अट मान्य. ती असेल तर माझा सरसकट बंदीचा हट्ट थोडा सैल करतो.

फक्त "सौम्य" कशाला म्हणता ते तपासा. "आंधळा आहेस का, फोकस दिसत नाही?", "बहिरा", "मतिमंद", "बायकी फ्रेम", जातीचं नाव शेऱ्यासारखं वापरणं. हे शब्द म्हणणाऱ्याला हलके वाटतात, कारण ते त्याच्याबद्दल नसतात. यात रोख बघायचाच नाही. फोटोवर असो, मित्रावर असो, थट्टेत असो, काढायचंच. इथे पहिली पायरी खाजगी विनंती नव्हे, थेट डिलीट.

तिरकी_चौकट

एवढ्यावरून मसुदा केला आहे, परीक्षणाच्या चॅनलवर पिन करणार:

"फोटोवर हवी तेवढी टीका करा, कारण आणि उपाय त्याच मेसेजमध्ये द्या. फोटो काढणाऱ्या माणसावर जाणूनबुजून शेरा मारू नका, ओळखीतही नाही. 'आधी विचारलंय' म्हणायचं तर लिंक द्या. जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून केलेली थट्टा न विचारता काढली जाईल. वस्तूवर आणि स्वतःवर वैतागायला पूर्ण मोकळीक आहे."

अर्धविराम

"जाणूनबुजून" काढा. ठेवलंत तर प्रत्येक जण "मी काही मुद्दाम म्हटलं नाही" म्हणेल आणि तुम्ही हेतू तपासत बसाल. आणि "फोटो काढणाऱ्या माणसावर" नको, "कुणावरही" करा. नाहीतर परीक्षण करणाऱ्याला "दीडशहाणा" म्हणायची वाट मोकळी राहते.

तिरकी_चौकट

दोन्ही बदल केले. बॉटच्या यादीतून "ढ" आत्ताच काढला, अडकलेल्या मेसेजमध्ये चार "वाढेल" आणि एक "ढीग" सापडला.