मदत हवी आहे: आई आणि मावशीसाठी नॉर्दर्न लाइट्सची ग्रुप टूर. नॉर्वेतलं ट्रॉम्सो की आइसलँडमधलं रेक्याविक, आणि कंपनीला काय काय विचारून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात आई आणि मावशीला नॉर्दर्न लाइट्स बघायला पाठवायचं आहे. मला रजा मिळणार नाही, त्यामुळे टूर मॅनेजर सोबत असेल अशाच ग्रुपबरोबर पाठवणार हे पक्कं आहे. ‘स्वतः बुकिंग करा, स्वस्त पडेल’ हा सल्ला कृपया नको. दोघी सत्तरीच्या आसपास आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि मावशीला इन्सुलिन चालू आहे.

आई भूगोलाची शिक्षिका होती. सूर्याकडून येणारे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे कसे वळतात, हे तिनं फळ्यावर आकृत्या काढून वर्षानुवर्षं शिकवलंय. ऑक्सिजनचा हिरवा, त्याहून उंचावर लाल, खालच्या कडेला नायट्रोजनचा जांभळट, हे तिला आजही तोंडपाठ आहे. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं आणि लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतून आकाश लाल झालेलं टिपलं गेलं, तेव्हा तो फोटो तिनं सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. जे इतकी वर्षं शिकवलं ते तिला एकदा प्रत्यक्ष दिसावं, अशी माझी फार इच्छा आहे.

तीन कार्यक्रम हातात आहेत. पहिल्यात हेलसिंकी, रोव्हानिएमी, ट्रॉम्सो आणि ऑस्लो. दर दीड-दोन दिवसांनी बॅग भरायची. ट्रॉम्सोत दोनच रात्री, त्यातल्या एका रात्री ‘अरोरा सफारी’ (अरोरा म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स; ते शोधायला रात्री गाडीनं शहराबाहेर नेतात), आणि तिची तारीख आधीच छापलेली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय की ढगांमुळे काही दिसलं नाही तर परतावा नाही आणि दुसरी सफारीही नाही. दुसरा कार्यक्रम फक्त ट्रॉम्सोचा: चार रात्री एकाच हॉटेलात, दिवसा शहर, रात्रीच्या तीन सफारी. तिसरा रेक्याविकचा, तोही एकाच शहरात राहून, एक दिवस गोल्डन सर्कल (धबधबा, गरम पाण्याचे फवारे वगैरे दाखवणारी दिवसभराची सहल).

घरातले बाकीचे पहिल्याच्या बाजूनं आहेत, ‘एवढ्या लांब जायचं तर चार गावं तरी बघून येऊ देत’ म्हणून. माझा कल दुसऱ्याकडे आहे. मी वाचलंय त्याप्रमाणे ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंश उत्तरेला, म्हणजे अरोराच्या पट्ट्याखालीच आहे. तिथे केपी निर्देशांक (चुंबकीय हालचालीचं शून्य ते नऊ असं माप) दोन असला तरी आकाशात काहीतरी दिसू शकतं. म्हणजे खरी अडचण सूर्याची नाही, ढगांची. आणि ढग असतील तर हाती जास्त रात्री असणं हाच उपाय. हा विचार बरोबर आहे ना? जाऊन आलेल्यांनी सांगा.

शिवाय महिना कोणता घ्यावा? डिसेंबरमध्ये तिथे सूर्य उगवतच नाही, मग दोघींनी दिवसभर करायचं काय? आणि एजंट म्हणतोय की सूर्याचा जोराचा काळ संपत आला, यंदा नाही गेलात तर मग दहा वर्षं विसरा. यात कितपत तथ्य आहे? थंडीचं, औषधांचं, बर्फावर चालण्याचं जे सुचेल तेही लिहा.

— लेक

---

ध्रुवतारा:

लेकताई, तुमचा विचार अगदी बरोबर आहे. मी नॉर्वेतच राहतो, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतो. दुसरा कार्यक्रम घ्या.

ट्रॉम्सो समुद्रकाठी आहे, त्यामुळे तिथे ढग येत-जात राहतात. पण शहरावर ढग असले तरी डोंगर ओलांडून आत गेलं की आकाश मोकळं मिळण्याची शक्यता बरीच वाढते. चांगले स्थानिक गाइड दुपारी ढगांचा नकाशा बघतात आणि मगच दिशा ठरवतात. कधी किनाऱ्यालगतच्या बेटांकडे, कधी स्किबोटनच्या खोऱ्यात, कधी थेट फिनलंडच्या हद्दीत. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: सफारीला मोठी बस आहे की मिनीबस? पन्नास जणांची बस ठरलेल्या जागी जाऊन उभी राहते. मिनीबस ढगांची फट शोधत फिरते. दुसरा प्रश्न: सफारीची रात्र अंदाज बघून पुढेमागे करता येते का? छापील तारखेला चिकटून राहणारा कार्यक्रम कितीही छान दिसला तरी घेऊ नका.

फिनलंडची हद्द ओलांडायची असेल तर पासपोर्ट अंगावर हवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड तिन्ही शेंगेनमध्ये (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात) येतात, एकच व्हिसा चालतो. मात्र सर्वांत जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. विमान लंडनमार्गे असेल तर ट्रान्झिट व्हिसाचंही आत्ताच विचारून घ्या, ते ब्रिटन आहे, शेंगेन नव्हे.

महिन्याबद्दल. २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारीच्या सुमारास ट्रॉम्सोत सूर्य क्षितिजावर येत नाही. पूर्ण काळोख नसतो, दुपारी काही तास निळसर-गुलाबी उजेड असतो आणि तो फार सुंदर दिसतो. भोवतीच्या डोंगरांमुळे शहरात सूर्य प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी शाळेतली मुलं सूर्याचं स्वागत करतात, गावभर गोड बन खातात. भूगोलाच्या बाईंना हे जरूर सांगा. पण सत्तरीच्या दोघींसाठी मी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च म्हणेन. दिवसा फिरायला भरपूर उजेड मिळतो, रात्र अजून पुरेशी काळोखी असते आणि विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय हालचाल सरासरीनं जास्त असते.

आणि त्या एजंटचं ऐकून घाई करू नका. सौरचक्राचा (सूर्याचा जोर सुमारे अकरा वर्षांनी वाढतो-कमी होतो, त्याचा) कमाल काळ आल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, हे खरं. पण त्यानंतरच्या उतरत्या काळातही सूर्यावरच्या कोरोनल होलमधून (त्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ भागांतून) वेगवान सौरवारा येत राहतो. दक्षिणेकडच्या देशांत अरोरा दिसायला मोठं वादळ लागतं. ट्रॉम्सोला तसं लागत नाही, तिथे शांत सूर्याच्या वर्षांतही लोक अरोरा बघतात. गुडघे आणि साखर आटोक्यात असतील तो हिवाळा तुमच्यासाठी योग्य.

---

भटकी:

मी सासूबाईंना घेऊन ग्रुपबरोबर गेले होते, म्हणून थंडीचं आणि चालण्याचं मी लिहिते.

शहरात तापमान फार भयंकर नसतं. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे भर हिवाळ्यातही शून्याखाली चार-पाच अंशांच्या आसपास राहतं. पण सफारीत आत गेलं की उणे पंधरा, उणे वीस सहज. तिथे चालायचं नसतं, तासन् तास उभं राहायचं असतं, आणि गारठा उभं राहिल्यानंच चढतो. अंगालगत लोकरीचे थर्मल हवेत. सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. बूट एक नंबर मोठे घ्या, जाड मोजे घालून बोटं हलली पाहिजेत. बऱ्याच सफारी वरून घालायचा जाड सूट देतात. बूटही मिळतात का ते विचारा.

खरी भीती थंडीची नाही, घसरण्याची आहे. फूटपाथवर बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि वरून नुसता ओला दिसतो. बुटांखाली अडकवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, स्थानिक म्हातारी माणसंही वापरतात. पहिल्याच दिवशी घ्यायला लावा. ते घालून दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर मात्र चालायचं नाही, तिथे उलटे घसरतात. बसच्या पायरीवरून उतरताना कोणीतरी हात द्यायला हवं. म्हणून विचारा की टूर मॅनेजर रात्रीच्या सफारीलाही येतो का. आमचा आला होता. सासूबाई गाडीत बसून राहायच्या, काही दिसायला लागलं की तो दार वाजवून त्यांना खाली उतरवायचा. सफारी सहा-सात तास चालते, वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हेही आधीच विचारून ठेवा.

मावशींचं इन्सुलिन गोठता कामा नये, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही. विमानात हातातल्या बॅगेत आणि बाहेर असताना आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. साखर तपासायचं यंत्रही थंडीत बंद पडतं, ते तिथेच ठेवा. सोबत काहीतरी गोड खाणं असू द्या. जेवणाच्या आणि इंजेक्शनच्या वेळा डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, कारण सफारीच्या रात्री जेवणाचं गणित पूर्ण बदलतं. विम्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, तेही वाचून घ्या.

आणि एक गोष्ट आईंना आधीच सांगा, नाहीतर विरस होतो. मंद अरोरा डोळ्यांना हिरवा दिसत नाही. काळोखात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे तो पांढरट, राखाडी ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो. फोन नाइट मोडवर धरला की तोच पट्टा हिरवा येतो. जोर वाढला की मग डोळ्यांनाही हिरवा दिसतो आणि हलायला लागतो. आमच्या गाडीतले काही जण ‘ढगच आहे’ म्हणून आत जाऊन बसले होते. गाइडनं पुन्हा बाहेर बोलावलं, तोवर डोंगराच्या कडेपासून डोक्यावरपर्यंत पडदा हलत होता.

---

सहप्रवासी:

रेक्याविकबद्दल दोन ओळी. शहर छान आहे, आणि तिथल्या बऱ्याच बस कंपन्या काहीच दिसलं नाही तर दुसऱ्या रात्री फुकट नेतात. पण वारा फार जोराचा असतो, गाडीचं दार हातातून सुटतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या वाऱ्यात उभं राहणं अवघड जाईल. मीही ट्रॉम्सोच म्हणेन.

---

लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. ध्रुवतारा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. विषुवदिनाचं ऐकून तिनं लगेच कागद मागवला आणि मार्चमध्ये पृथ्वी कशी कललेली असते ते मावशीला काढून दाखवलं. मार्चवर दोघींचं एकमत झालंय.

कंपनीशी बोलले. दुसऱ्या कार्यक्रमात मिनीबस आहे, टूर मॅनेजर रात्रीही सोबत असतो, आणि तीनपैकी दोन सफारींची रात्र अंदाज बघून बदलता येते. हे सगळं मी ईमेलवर लेखी मागितलं आहे. वरून घालायचा जाड सूट देतात, बूट देत नाहीत. स्वच्छतागृहाचं ‘पेट्रोल पंपावर थांबतो’ एवढंच उत्तर मिळालं, त्याचा पाठपुरावा करते.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. केबल कारनं ४२१ मीटरवर स्टुरस्टाइननला (शहराशेजारच्या डोंगरावरच्या जागेला) गेल्यावर वरच्या स्टेशनात बसून काचेतून बघता येतं का, की बाहेर बर्फात चालावंच लागतं? आणि लोकरीचे थर्मल आधीच घेऊन द्यावेत की तिथे? मार्चच्या मध्यात आणखी कोणाचे आई-वडील ट्रॉम्सोला जाणार असतील तर मला निरोप पाठवा, दोघींना ओळखीची सोबत मिळाली तर फार बरं होईल.