मदत हवी आहे: वनस्नानाला प्रश्न घेऊन जावं की रिकाम्या मनाने?

मंडळी, गेल्या महिन्यात मार्गदर्शकासोबत पहिल्यांदाच वनस्नानाला गेले. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ हा शब्द आणला, तेच हे: जंगलात अगदी सावकाश फिरत, थांबत, बघत-ऐकत वेळ घालवणं. अंघोळ नाही हं, घरच्यांनी टॉवेल घेतलास का विचारून झालंय! तीन तासांत जेमतेम एक किलोमीटर चाललो असू.

आधी पंधरा मिनिटं नुसतं ‘काय हलतंय’ ते बघायचं होतं. कोळ्याच्या एका धाग्याला लटकलेलं वाळकं पान गरगर फिरत होतं, थांबायचं, उलटं फिरायचं. त्यात मी पार हरवले. पण नंतर एका झाडापाशी वीस मिनिटं एकटीने बसायचं होतं, तिथे बिनसलं. नोकरी सोडू की नको, हेच डोक्यात. झाड आता उत्तर देईल अशी वाट बघत बसल्यासारखं! शेवटी गोलात बसून प्रत्येकाने बोलायचं, तर मला रडूच कोसळलं.

असं होतं का कुणाला? की आधी समुपदेशकाशी बोलावं? आणि रोज एकाच जागी एकटं बसून काही उमगलंय का कुणाला? किती दिवसांनी? पुस्तकी नको, स्वतः बसून पाहिलेल्यांनीच सांगा.